गाईच्या आडून

माझे सासरे माझ्याशी कधी सरळ बोलले नाहीत. जे सांगायचं असेल ते ते गाईला सांगायचे. मी धार काढत असले किंवा शेण भरत असले की ते गाईच्या पलीकडच्या अंगाला येऊन उभे राहायचे, तिच्या पाठीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "चंद्रे, आज कडबा वरच्या पेंढ्यांतला काढाय पायजे. खालचा वलसर झालाय." मग तिच्या पाठीवर एक थाप मारून निघून जायचे. चंद्री रवंथ करत राहायची आणि कडबा मी काढायची.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. माझं माहेर महाळुंगे पडवळचं, सासर निरगुडसरच्या शिवारात, गावापासून बाजूला वस्तीवर. सुनेने सासऱ्यापुढे डोक्यावर पदर घ्यायचा, समोरून जायचं नाही, तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, ही तेव्हाची रीत. मी मुळातच लाजरी. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, त्यामुळे ती रीत मला सोयीचीच वाटली. काय असेल ते सासूबाई इकडचं तिकडे सांगायच्या. पण लग्नाला वर्ष होतं न होतं तोच त्या गेल्या. माझे मालक टेंपो चालवायचे. भाजी घेऊन मुंबईच्या बाजाराला जायचे, ते एक दिवसाआड घरी. मागे राहिलो मामा आणि मी, आणि मधे सांगणारं कोणी नाही.

सासूबाईंचे दिवस झाले, पाहुणे पांगले. त्यानंतरच्या सकाळी मी धार काढायला बसले होते. मामा गोठ्याच्या मेढीला टेकून उभे होते. त्यांना चहा हवा होता हे मला कळत होतं, आणि मला कळलंय हे त्यांना कळत नव्हतं. बराच वेळ ते खाकरले, मुंडासं सोडलं, परत बांधलं. शेवटी गाईजवळ आले आणि म्हणाले, "चंद्रे, चुलीवर च्या असंल तर लई बरं व्हईल गं."

मी पदरात तोंड घालून हसले. घरात दुःख होतं, तरी हसले. चहा केला आणि कप गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवून आत आले. तेव्हापासून आमचं तसंच ठरून गेलं. पुढे मला मुलगी झाली, ती बोलायला लागली. तिच्याकडून निरोप देता आला असता. पण मामांना गाईचीच सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

शेजारच्या वस्तीवरचे एक जण रोज दूध घालायला जाताना आमच्या गोठ्याशी थांबायचे. त्यांना हा प्रकार माहीत होता. एकदा ते मामांना म्हणाले, "काय तात्या, तुमची गाय लई शिकलेली दिसतीय राव! तिला सांगितलेलं समदं घरात पोचतंय."

मामा शेळ्यांना पाला टाकत होते. मान वर न करता म्हणाले, "मग? चवथी शिकलीया ती."

मी चुलीपुढे होते. चौथी मी शिकले होते. माहेरी पाचवीला शाळा लांब होती म्हणून मला काढलं होतं, आणि ते मी सासरी कुणाला फारसं सांगितलंही नव्हतं. मामांनी ते लक्षात ठेवलं होतं. त्या दिवशी भाकरी थापताना उगीचच माझे हात हलके झाले होते.

आमचं खटलं लहान. चंद्री, तिची एक कालवड आणि थोड्या शेळ्या. पण दिवाळी सरली आणि सकाळी दव पडू लागलं की मामा असे कामाला लागायचे, जशी घरात लग्नाची तयारी. थंडी यायच्या आधी गोठा बांधून झाला पाहिजे. 'बांधून' म्हणजे नवा नव्हे. वारा येईल त्या बाजू बंद करायच्या आणि ऊन येईल ती मोकळी ठेवायची. गोठ्याच्या भिंती म्हणजे तुराट्यांचे कुड. उन्हाळ्यापावसात त्यांचं लिंपण गळून पडायचं. मी माती आणि शेण कालवून द्यायची आणि मामा उत्तरेकडचा कुड आधी लिंपायला घ्यायचे. मग पश्चिमेचा. पूर्वेला भिंत नव्हतीच. तिथे बारदानाचा पडदा. ऊन आलं की गुंडाळून वर बांधायचा, दिवस कलला की सोडायचा.

एका वर्षी मी जास्त हुशारी करून छपराखालची फटही मातीने बुजवली. मामा आले, वर बघितलं, आणि गाईकडे वळले. "चंद्रे, वारा नको, पण हवा पायजे. समदं बंद केल्यावर तुजा श्वास जायचा कुठं? भिंतींना घाम सुटंल. मग तू खोकशील, शेळ्या खोकतील." मी काठीने माती पाडली. मामांनी हात उभा धरून दाखवलं, एवढी फट ठेवायची. हेही गाईलाच दाखवलं.

पडद्यांसाठी जुनी बारदानं लागायची. ती आणायला मामा मंचरला एका शेटजींच्या दुकानात जायचे. शेटजींचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेटजी बोलायला आमच्यासारखेच. एकदा ओझं आणायला मीही बरोबर गेले होते आणि दुकानाच्या खांबाआड उभी राहिले होते. शेटजी म्हणाले, "तात्या, दर साली जनावरांना कपडे शिवता. तुमच्या अंगावर मात्र तीच बंडी. एखादा स्वेटर घ्या की!"

मामा बारदान उजेडात धरून भोकं बघत होते. म्हणाले, "मला थंडी वाजली तर मी वरडून सांगीन. ह्यांना मागता येत न्हाई, शेट."

घरी आल्यावर दाभण आणि सुतळी घेऊन आम्ही बसायचो. मामा गोठ्याच्या या टोकाला, मी त्या टोकाला, मधे चंद्री. कालवडीची झूल, व्यायला आलेल्या शेळीची झूल, गळ्यापाशी आणि पोटाखाली बांधायचे बंद. मामा शिवता शिवता चंद्रीला सांगत राहायचे, की पाणी पाटाचं पाजू नये, विहिरीचं ताजं काढावं, ते पहाटे कोमट असतं. संध्याकाळी कडबा भरपूर टाकावा, पोटात कडबा असला की जनावर रात्रभर आतून तापतं. शेकोटी आत पेटवू नये, ठिणगीचा भरवसा नाही. मी ऐकत असायची. माझ्या वडिलांनीही मला इतकं कधी समजावून सांगितलं नव्हतं.

गोठ्यात खाली अंथरायला उसाचं पाचट असायचं. त्यावरून मामांचा एक नियम होता. गोठ्यात पायात घालून यायचं नाही. कुणीच नाही. जनावरांच्या डॉक्टरांनाही ते उंबऱ्यावर अडवायचे.

"डॉक्टरसायेब, बूट तेवढे भायेर. आत लक्षुमी बसलीया."

"अहो तात्या, आत शेण आहे."

"म्हणून तर म्हणतो. बुटाला लागलं तर सुटायचं न्हाई. पायाला लागलं तर धुतलं की गेलं. पाणी तापलेलं हाय."

डॉक्टर हसायचे आणि बूट काढायचे.

लक्ष्मीचं कारण होतंच, पण दुसरंही एक होतं. ते त्यांनी चंद्रीला पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं. "पाचट डोळ्याला कोरडं दिसतंय, पण खालनं वलं आसतंय. पाय टेकला की कळतं. आपल्या तळव्याला गार लागलं तर ह्यांच्या पोटाला रातभर गार लागणार." तेव्हापासून मी रोज संध्याकाळी अनवाणी पायाने गोठ्याचा कोपरा न कोपरा तुडवून बघायची. गार लागेल तिथलं पाचट काढायची, कोरडं टाकायची. हिवाळाभर माझ्या टाचा उललेल्या असायच्या. त्याचं मला काही वाटत नसे. वस्तीवर सगळ्याच बायकांच्या टाचा तशा.

मामा झोपायचे गोठ्यातच. घर म्हणजे एक मोठी खोली आणि पुढे पडवी. सासूबाई गेल्या त्या दिवसापासून त्यांनी आपली वाकळ आणि घोंगडी गोठ्यात नेली. सुनेला घरात मोकळं वावरता यावं म्हणून. असं त्यांनी सांगितलं नाही, पण कारण तेच होतं. मालक दर हिवाळ्यात म्हणायचे, "आण्णा, आत झोपा की." मामा म्हणायचे, "आत मला झोप लागत न्हाई. रवंथ ऐकू येत न्हाई." त्यांना दमा होता. थंडीत रात्री त्यांचा खोकला घरात ऐकू यायचा. मी कूस बदलायची. मालक टेंपोवर असले तर उठून बसायची.

तो कडाका पडला त्या वर्षी माझी मुलगी शाळेत जायला लागली होती. गावात एखाद्याकडेच फोन होता. संक्रांतीच्या आधीची गोष्ट. एकाएकी उत्तरेचं वारं सुटलं आणि थांबेना. परसातला भोपळ्याचा वेल एका रात्रीत काळा पडला. गवतावरचं दव पायाखाली मोडायचं. मुलीला मी माझ्या आईकडे महाळुंग्याला पाठवलं, तिकडचं घर पक्कं होतं. दूध घालायला जाणारे शेजारी सांगत होते, "तात्या, टीव्हीवर म्हणत्यात शीतलहर आलीया."

मामा म्हणाले, "काय बी म्हणू द्या. आमी ह्याला कडाका म्हणतो." एवढं बोलतानाही त्यांना मधे थांबून श्वास घ्यावा लागला.

त्या वर्षी गोठा त्यांनी नेहमीसारखा बांधला होता, पण हात चालत नव्हते. अर्धा कुड मीच लिंपला. सगळ्या जनावरांना झुली झाल्या, शेळ्यांना फळ्यांचं माचण झालं. राहिला तो मामांचा स्वतःचा कोपरा. तो नेमका पडद्याच्या कडेला. वारा तिथून आत शिरायचा. मी दोन बारदानं जोडून त्या कोपऱ्याला आडोसा केला. मग उभी राहिले. मालक टेंपो घेऊन गेलेले होते. मामा शेळीच्या पोटावरून हात फिरवत बसले होते आणि त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

इतक्या वर्षांत मी गाईकडून कधी उत्तर दिलं नव्हतं. मामा सांगायचे, मी करायची, एवढंच. त्या दिवशी मी चंद्रीच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "चंद्रे, मामांना म्हणावं, घरात झोपायला या. कडाका उतरेपर्यंत तरी."

मामांचा हात थांबला. चंद्रीने कान हलवला. मग मामा म्हणाले, "चंद्रे, तिला म्हणावं, शेळी आज-उद्या व्यायला झालीया. असल्या गारठ्यात करडं पडली आन् कुणी जवळ नसलं, तर सकाळपतुर राहायची न्हाईत."

घरातली चादर आणून मी त्यांच्या वाकळेवर टाकली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना चरवी घेऊन गोठ्यात गेले. रोज माझी चाहूल लागली की मामा चंद्रीला उठवायचे. आज आवाज नाही. मी बांधलेला आडोसा जागेवर नव्हता. तो सोडून मामांनी शेळीच्या कोपऱ्याला बांधला होता. आत शेळी एका करडाला चाटत होती. मामा गव्हाणीला टेकून बसले होते. अंगावर घोंगडी, आणि बंडीच्या आत, छातीशी, दुसरं करडू. त्याचं फक्त नाक बाहेर होतं. मामांचे ओठ जांभळे पडले होते आणि सगळं अंग हलत होतं.

मी त्यांच्या पुढ्यात गेले. डोक्यावरचा पदर कधी पडला मला कळलं नाही. मी म्हणाले, "मामा, आत चला."

गाय मधे नव्हती. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी मान वळवून चंद्रीला शोधलं. ती पलीकडे बसलेली होती. दोन-तीनदा श्वास घेऊन ते तिला म्हणाले, "चंद्रे, तिला म्हणावं, आधी करडू ने. मग मी येतो."

करडू चुलीपाशी ठेवून मी परत आले आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला. माझ्यावर भार पडू नये म्हणून ते दुसऱ्या हाताने कुडाला धरून धरून चालत होते. घराच्या उंबऱ्यापाशी आल्यावर थांबले. ते घर त्यांनीच बांधलेलं, पण परक्याच्या दारात पाहुणा थांबतो तसे थांबले. मी दार पूर्ण उघडलं तेव्हा आत आले.

दुपारी मालक आले, त्याच टेंपोतून त्यांना मंचरच्या दवाखान्यात नेलं. छातीत सगळा कफ भरलाय, वय झालंय, उशीर झालाय, असं डॉक्टरांनी मालकांना बाजूला घेऊन सांगितलं. काही दिवस ठेवून घेतलं. मग मामाच घरी जायचं म्हणू लागले. जनावरं एकटी आहेत म्हणाले.

घरात भिंतीकडेला त्यांची खाट टाकली. मालक असले की त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे. मालक गेले की गप्प. पाणी हवं असेल तर तांब्याकडे बघायचे. मी तांब्या द्यायची. दिवसभर दाराकडे तोंड करून पडलेले असायचे. त्यांना गोठ्याचं विचारायचं होतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. पण घरात विचारायला गाय नव्हती. मी सरळ बोलायला गेले तर ते डोळे मिटून घ्यायचे. माझ्यावर राग नव्हता तो. इतक्या वर्षांची सवय, आता कुठून मोडायची?

मग मी गारठ्यामुळे अजून चुलीजवळच ठेवलेलं ते करडू उचललं आणि त्यांच्या खाटेच्या खुराला बांधलं. खाली बारदान अंथरलं. करडू धडपडत उभं राहिलं आणि खाटेवरून लोंबणारा त्यांचा हात चोखू लागलं. मामांनी त्याच्याकडे बघितलं. मी उगीच भांडी लावत बसले. मागून आवाज आला.

"करडा, पूर्वेचा पडदा वर केला का, इचार."

मी गोठ्यात जाऊन आले. "करडा, म्हणावं, केला. कालवड उन्हात बसली आहे."

"फट?"

"मोकळी आहे म्हणावं."

त्यानंतर ते रोज विचारायचे. पाणी कुठलं पाजलं, कडबा किती टाकला, चंद्री रवंथ करते का. एक एक शब्द. बाकीचं त्या खोकल्यात जायचं. मी सगळी उत्तरं करडाला द्यायची. बाहेर कडाका तसाच होता, पण गोठ्यात एकही जनावर खोकलं नाही. ते ऐकून मामा डोळे मिटायचे.

एका संध्याकाळी मी पाचट बदलून आत आले आणि चुलीकडे वळले. मातीच्या जमिनीवर माझ्या टाचेचे लाल डाग उमटत होते. मला त्याचा पत्ता नव्हता. मामांनी ते पाहिले असावेत.

"करडा," ते म्हणाले, "तिला म्हणावं, गोठ्यात जाताना पायात कायतरी घालत जा. टाचा उलल्यात तिच्या. रगात येतंय."

मी जागच्या जागी उभी राहिले. ज्यांनी डॉक्टरांचे बूट काढायला लावले, ते हे बोलत होते.

"लक्षुमी रागावायची न्हाई म्हणावं," मामा म्हणाले. "मी सांगतो तिला."

त्यांनी आजवर जे जे सांगितलं ते जनावरांसाठी होतं. हे माझ्यासाठी होतं. गप्प राहिले असते तर ते मी ऐकलं नाही असं झालं असतं. म्हणून मी खाली बसले, करडाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "करडा, मामांना विचार, पायात घातलं तर पाचट ओलं का कोरडं, ते कसं कळायचं?"

मामा हसले. हसताना खोकला आला, बराच वेळ चालला. मग थकून उशीवर मान टाकत म्हणाले, "चवथी शिकलीया, करडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धार काढली, पडदा गुंडाळून वर बांधला, विहिरीचं पाणी पाजलं. त्या दिवशी वारं पडलं होतं. ऊन चांगलं तापेल असं वाटत होतं. मी आत आले आणि दारातूनच म्हणाले, "करडा, मामांना म्हणावं, कडाका उतरला."

करडू खाटेला टेकून उभं होतं. मामांचा हात त्याच्या पाठीवर होता. तो हात तसाच राहिला.

मामांनी माझ्या पायांचं मालकांनाही सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. सुतक फिटल्यावर मंचरहून येताना मालकांनी रबरी चपला आणल्या. म्हणाले, "आण्णांनी तुझ्यासाठी आणायला सांगितल्या होत्या." मी त्या हातात घेऊन बसून राहिले.

आता चंद्री नाही. तिच्या कालवडीची कालवड आहे, आणि त्या करडाच्या वंशाच्या शेळ्या आहेत. दिवाळी सरली की मी गोठा बांधते. उत्तरेचा कुड आधी, मग पश्चिमेचा, छपराखाली हात उभा जाईल एवढी फट. मालकांनी तेव्हापासून चपला कधी कमी पडू दिल्या नाहीत. घरातून मी त्या घालूनच निघते, गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत जाते आणि तिथे काढून ठेवते. मामांची ही एकच गोष्ट मला ऐकता आली नाही. संध्याकाळी अनवाणी पायाने कोपरा न कोपरा तुडवते. त्यांची वाकळ असायची त्या कोपऱ्यात आता कोणी झोपत नाही, जनावरही बांधत नाही. तरी तिथे पाय टेकते, आणि तळव्याला गार लागलं की तिथलंही पाचट बदलते.